लॅपटॉपचं नेट सारखं तुटतंय? आधी कुठे तुटतंय ते शोधा

नेट पूर्ण बंद पडलं तर फारसा प्रश्न नसतो. लाल दिवा दिसतो, तक्रार नोंदवली जाते, माणूस येतो. खरा छळ मधूनमधून जाणाऱ्या नेटचा. इंदूरच्या घरात बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करणाऱ्याला तो चांगलाच ठाऊक आहे: सकाळी सगळं सुरळीत, दुपारी मीटिंग सुरू झाली की आवाज तुटायला लागतो, आणि तंत्रज्ञ घरी येतो तेव्हा नेमकं छान चालू असतं. मग राउटर बंद-चालू होतो, पासवर्ड पुन्हा टाकला जातो, विंडोज अपडेट होतं. दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. एकदम चार गोष्टी बदलल्यावर कशाने फरक पडला हे कळत नाही, आणि दोष तसाच राहतो.

लॅपटॉपपासून वेबसाइटपर्यंतच्या वाटेचे तीन टप्पे धरा. पहिला लॅपटॉप ते राउटर, हा हवेतून जातो. दुसरा राउटर ते इंटरनेट कंपनी, म्हणजे फायबर किंवा केबल. तिसरा टप्पा नावांचा: वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा. दोष कुठेही असो, पडद्यावर तेच गोल चक्र फिरताना दिसतं. उपाय मात्र प्रत्येक ठिकाणचा वेगळा. म्हणून पहिला अर्धा तास फक्त मोजायचं, कशालाही हात लावायचा नाही.

अर्ध्या तासाची चाचणी

खाली आज्ञांची अक्षरं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि आकडेही इंग्रजीच टाका.

विंडोजच्या स्टार्ट मेनूत सी-एम-डी टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडते, तिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. तिथे आयपीकॉन्फिग (सलग अक्षरं आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी) लिहून एंटर करा. वाय-फायच्या मथळ्याखाली ‘डिफॉल्ट गेटवे’ अशी ओळ असते. तिच्यासमोरचा आकडा म्हणजे तुमच्या राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. जिओफायबरवर तो १९२.१६८.२९.१ असतो. तिथे एफ-ई-८-० ने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसली तर तिच्या खालचा चार भागांचा आकडा घ्या. त्याच जागी ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’सुद्धा बघून ठेवा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. लॅपटॉपने स्वतःच्या मनाने एक आकडा घेतला आहे आणि त्यावर इंटरनेट चालणार नाही.

आता अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. पहिलीत पिंग (पी-आय-एन-जी), एक जागा सोडून राउटरचा पत्ता, पुन्हा जागा सोडून आडवी छोटी रेघ आणि तिला चिकटून टी. दुसरीत तसंच, फक्त पत्ता ८.८.८.८ हा गूगलचा. शेवटच्या त्या टी-मुळे चाचणी थांबत नाही, साधारण सेकंदाला एक हाक मारत राहते. नेट ज्या वेळी जातं त्याच वेळी ही चाचणी लावा आणि अर्धा तास चालू द्या. नेट अडकलं की घड्याळातली वेळ कागदावर लिहा आणि त्या क्षणी कोणती खिडकी अडकली तेही लिहा. शेवटी कंट्रोल आणि सी दाबा, किती टक्के हाका हरवल्या याचा हिशेब खाली येतो. अर्ध्या तासात सुमारे १,८०० हाका जातात. एक टक्का म्हणजे १८ हाका, आणि त्या सलग गेल्या असतील तर मीटिंगमधला माणूस चांगलाच गोठलेला दिसतो.

दोन्ही खिडक्या एकाच वेळी अडकल्या तर दोष लॅपटॉप आणि राउटरच्या मध्ये, किंवा खुद्द राउटरमध्ये आहे. राउटरची खिडकी नीट चालू आणि फक्त ८.८.८.८ अडकतं, तर वाय-फायला दोष देऊ नका, गडबड राउटरच्या पुढे आहे. दोन्ही व्यवस्थित चालू असताना वेबसाइट उघडत नसेल तर डीएनएस, ब्राउझर किंवा ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन तपासायचं.

अडकल्यावर कोणतं वाक्य येतं याकडेही लक्ष द्या. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे हाक गेली, उत्तर आलं नाही. ‘जनरल फेल्युअर’ आलं तर हाक लॅपटॉपमधून बाहेरच पडली नाही. वाय-फाय कार्ड त्या क्षणी झोपलेलं किंवा सुटलेलं होतं. हे वाक्य पुन्हा पुन्हा येत असेल तर राउटर बदलण्यात पैसे घालवू नका.

आकड्यांचंही भान हवं. वाय-फायवरून राउटरचं उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवं. मधूनच एखादी हाक ३०-४० पर्यंत गेली तर चिंता नको, कारण बरेच राउटर पिंगला उत्तर देणं हे दुय्यम काम मानतात. पण २००, ४००, ९०० असे आकडे वारंवार दिसत असतील तर दुवा तुटत नसला तरी गुदमरतो आहे.

एक पडताळणी आणखी करा. लॅपटॉप कॅट ५ई किंवा कॅट ६ च्या लॅन वायरने राउटरला जोडून वाय-फाय बंद करा आणि हीच चाचणी पुन्हा घ्या. पातळ लॅपटॉपला लॅनचं छिद्र नसतं, त्याला यूएसबीला लागणारा लॅन ॲडॉप्टर मिळतो. इंदूरमध्ये आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला चौकशी करा, आणि एक हजार एमबीपीएसचा म्हणजे ‘गिगाबिट’चाच मागा. वायरवर सगळं स्वच्छ चाललं तर दोष हवेतला किंवा लॅपटॉपच्या वाय-फायचा. मग त्याच खुर्चीत बसून मोबाइलवर तेच वाय-फाय वापरून बघा. मोबाइलही अडखळला तर हवा, एकटा लॅपटॉप अडखळला तर लॅपटॉप.

हवेतला दोष

वाय-फायच्या चार काड्यांवर विश्वास ठेवू नका, खरा आकडा बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये चार शब्द लिहायचे: नेटश (एन-ई-टी-एस-एच), डब्ल्यूलॅन (डब्ल्यू-एल-ए-एन), शो, इंटरफेसेस. येणाऱ्या यादीत ‘सिग्नल’ टक्क्यांत आणि ‘चॅनल’ (राउटर ज्या पट्ट्यावर बोलतो तो) आकड्यात मिळतो. रेंज मोजायचं खरं एकक डीबीएम, आणि विंडोजच्या टक्क्यांचा त्याच्याशी ढोबळ संबंध असा: १०० टक्के म्हणजे उणे ५०, ६६ टक्के म्हणजे उणे ६७, ५० टक्के म्हणजे उणे ७५. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ पर्यंत ठीक चालतं, उणे ७५ च्या खाली तुटणारच. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की हाच आकडा ‘आरएसएसआय’ या नावाने थेट दिसतो. लॅपटॉप हातात घेऊन राउटरपासून आपल्या टेबलापर्यंत चाला आणि प्रत्येक दारात हा आकडा बघा. कोणती भिंत किती खाते ते लगेच समजतं.

राजवाडा, रामबाग भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड विटांच्या असतात. वाय-फायच्या दोन लहरी असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. अशी एक जाड भिंत ५ गिगाहर्ट्‌झची लहर निम्म्याहून जास्त खाऊन टाकते, दोन भिंतींपलीकडे ती जवळजवळ उरत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीतून बरी जाते, पण तिथे गर्दी फार. विजयनगरकडच्या बहुमजली इमारतींत गणित उलटं असतं. भिंती पातळ, त्यामुळे रेंज भरपूर, आणि वाय-फायच्या यादीत शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं. वाड्यातला उपाय म्हणजे राउटर हलवणं किंवा वायर ओढून दुसरा बसवणं. फ्लॅटमधला उपाय चॅनल बदलणं. शेजाऱ्याचा उपाय आपल्याला लागू पडत नाही तो यामुळे.

राउटर हलवताना तो घराच्या मध्यावर, दीड-दोन मीटर उंचीवर, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाट, फ्रिज, टीव्हीची मागची बाजू, मोठा आरसा आणि माशांची टाकी यांच्या आड नको. धातू लहर परतवतो, पाणी ती शोषतं. तारेची लांबी पुरत नाही म्हणून राउटर दाराशेजारीच लटकलेला असतो. पाच-दहा मीटर वायर ओढून घेणं हा नवा राउटर घेण्यापेक्षा पुष्कळदा जास्त गुणकारी उपाय आहे.

चॅनलचं असं. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. मोकळे म्हणावेत असे तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की हे पान उघडतं) ‘ऑटो’ काढून यांतला सर्वांत कमी गर्दीचा चॅनल पक्का करा आणि ‘चॅनल विड्थ’ २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. ४० ठेवल्याने वेग वाढतो असं वाटतं, पण गर्दीत दुप्पट शेजाऱ्यांशी टक्कर होते. ३ किंवा ८ असा मधला चॅनल निवडू नका. त्याने दोन्ही बाजूंच्या गर्दीचा त्रास ओढवतो. १३ मोकळा दिसला तरी काही जुन्या उपकरणांना तो दिसतच नाही.

५ गिगाहर्ट्‌झवर वेगळीच एक खोच आहे. ५२ ते १४४ हे चॅनल रडारशी वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारसारखा काही संकेत मिळाला की त्याला तो चॅनल ताबडतोब सोडावा लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर बोलण्यापूर्वी निदान एक मिनिट ऐकत बसावं लागतं. घरातली सगळी उपकरणं एकदम ५ गिगाहर्ट्‌झवरून पडतात आणि मिनिटभराने परत येतात, असं होत असेल तर हेच कारण शोधा. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला चॅनल पक्का केला की हा प्रकार थांबतो.

दोन्ही लहरींना एकच नाव असेल तर लॅपटॉप उंबरठ्यावर बसून इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला कॉल अडखळतो. काही दिवस दोन्हींना वेगळी नावं द्या, लॅपटॉप एकावरच जोडा आणि फरक बघा.

आता एक असं कारण जे फार थोड्यांच्या लक्षात येतं. निळ्या जिभेचा यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क किंवा हब काम करत असताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात. लॅपटॉपच्या वाय-फायच्या अँटेना साधारण पडद्याच्या चौकटीत किंवा बिजागरीजवळ असतात, म्हणजे हबपासून वीतभर अंतरावर. ताडून बघणं अगदी सोपं आहे. पिंगची खिडकी चालू ठेवा, हार्डडिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि आकडे बघा. ३ वरून ३०० वर गेले आणि वायर उपटताच पुन्हा ३ झाले, तर निदान झालं. हार्डडिस्क हातभर लांबीच्या, चांगल्या आवरणाच्या वायरवर दूर ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्‌झवर जा. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ वरच गोंधळ घालतो, पण तो चालू असेपर्यंतच.

लॅपटॉपच्या आत

पहिला संशय वीज वाचवण्याच्या सोयीवर घ्या. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘नेटवर्क ॲडॉप्टर्स’मध्ये वाय-फाय कार्डावर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा. ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची मुभा देणारी खूण असते, ती काढा. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत हे पान नसतंच. चार्जर काढल्यावरच नेट तुटत असेल तर या कारणाकडे बोट जातं. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये वाय-फाय पॉवरसेव्हचा आकडा २ केला की ही बचत बंद होते.

तिथेच ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर इंटेलच्या कार्डांना ‘रोमिंग ॲग्रेसिव्हनेस’ हा पर्याय असतो. घरात एकच राउटर असेल तर तो सर्वांत कमी ठेवा. नाहीतर घरात नसलेल्या दुसऱ्या राउटरचा शोध कार्ड घेत राहतं.

ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या बाबतीत ‘नवीन तेच चांगलं’ हा नियम नाही. विंडोज अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर ‘ड्रायव्हर’ पानावरचं ‘रोल बॅक’ दाबून मागच्यावर जा. तसं नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, आपल्या मॉडेलचा आकडा टाकून, तिथला ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी फुकट ॲप मुळीच बसवू नका.

नेमकं काय घडलं याचा पुरावा विंडोज स्वतः ठेवतं. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून मघाचीच नेटशची आज्ञा लिहा, फक्त शेवटच्या शब्दाऐवजी डब्ल्यूलॅनरिपोर्ट असा सलग शब्द टाका. मागच्या तीन दिवसांचा अहवाल तयार होतो आणि फाइल कुठे ठेवली ते खिडकीत लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. वरच्या आलेखात तुटण्याच्या जागी लाल खुणा असतात, खाली प्रत्येक वेळचं कारण दिलेलं असतं. कागदावर लिहिलेल्या वेळा या खुणांशी जुळवा. जुळल्या तर लॅपटॉपचा वाय-फायशी दुवाच तुटत होता. कागदावर वेळ आहे आणि अहवालात काहीच नाही, तर दुवा शाबूत होता आणि दोष पुढचा आहे.

या सगळ्यातून काही निघालं नाही, मोबाइलला त्याच जागी भरपूर रेंज आहे आणि लॅपटॉपची रेंज राउटरपासून तीन-चार मीटरवरच कोसळते, तर अँटेनाच्या तारेकडे बघावं लागेल. बऱ्याच लॅपटॉपांत वाय-फाय कार्ड बोटाच्या दोन पेरांएवढं असतं आणि त्यावर बहुधा दोन बारीक तारा, एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, टिचबटणासारख्या गोल टोकांनी दाबून बसवलेल्या असतात. टोक जेमतेम दोन मिलिमीटरचं. बॅटरी, रॅम किंवा बिजागरी बदलताना धक्का लागून ते उचकटतं, किंवा तार बिजागरीत चिरडते. पडदा पुढेमागे हलवल्यावर सिग्नलचा आकडा उड्या मारत असेल तर तार चिरडल्याची शंका बळावते. टोक परत बसवताना सरळ वरून दाबायचं असतं, तिरकं दाबलं तर खालची खुंटी मोडते आणि कार्डच बदलावं लागतं. हात सरावलेला नसेल तर हे काम दुकानातच करा. तिथे देताना ‘वाय-फाय चालत नाही’ एवढंच सांगू नका, ‘अँटेनाच्या तारा तपासा’ असं स्पष्ट सांगा.

राउटरच्या पुढे

राउटर मध्येच स्वतःहून बंद-चालू होतोय का, हे आधी बघा. त्याच्या पानावर ‘अपटाइम’, म्हणजे चालू होऊन किती वेळ झाला ते, लिहिलेला असतो. तुम्ही आठवडाभर हात लावला नाही आणि अपटाइम तीन तास दाखवतोय, तर वीज किंवा उष्णता कारण आहे. राउटरचा ॲडॉप्टर साधारण १२ व्होल्ट, १ किंवा १.५ अँपियरचा असतो. जुना झाला की ताण आल्यावर व्होल्टेज पाडतो. दिवे लागलेले राहतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपियरचा दुसरा लावून बघा. पिनचा आकार जुळतो म्हणून ९ व्होल्टचा लावू नका. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राउटर तापून कोलमडतो. त्याच्या चारी बाजूंनी हवा खेळू द्या.

फायबरच्या डब्यावर ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा हवा. ‘एलओएस’ लाल झाला तर प्रकाश पोचत नाही. दिवा ठीक असूनही नेट जात असेल तर डब्याच्या पानावर ‘ऑप्टिकल पॉवर’ किंवा ‘आरएक्स पॉवर’ शोधा. घरगुती फायबरचे बहुतेक डबे उणे २७ डीबीएमपर्यंत तग धरतात. उणे २० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा, उणे २६-२७ म्हणजे कड्यावर उभं राहणं. पिवळी वायर खिळ्याभोवती घट्ट वळलेली किंवा दाराच्या फटीत दाबलेली असेल तर ती सैल, मोठ्या वेटोळ्यात करा. आकडा तेवढ्याने सुधारू शकतो. सुटलेल्या टोकात डोळा घालून बघू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण तो लेझर असतो.

कंपनीच्या डब्याला आपला दुसरा राउटर जोडला असेल आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर गोंधळ होणारच. दुसरा ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर टाका, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकाकडेच राहील.

घरात इन्व्हर्टर आहे, राउटर चालू आहे, तरी गल्लीत लाईट गेली की नेट जातं? मग तुमच्या केबलवाल्याचा विजेवर चालणारा स्विच कुणाच्या तरी गच्चीवर बिनबॅटरीचा लटकतो आहे. घरापर्यंत थेट फायबर आलेल्या जोडणीत मधल्या फांद्यांना वीज लागत नाही. जोडणी घेताना हा प्रश्न जरूर विचारा.

संध्याकाळी सगळे घरी आल्यावरच कॉल तुटत असेल तर मोबाइलचे फोटो आपोआप वर चढत असतील. अपलोड भरला की ८.८.८.८ चा आकडा २५ वरून ५०० वर जातो. मीटिंगच्या वेळी बॅकअप थांबवून बघा.

नावं आणि पाकिटांचा आकार

पिंग स्वच्छ, पण साइट उघडायला वेळ लागतो किंवा ‘डीएनएस’ असा उल्लेख करणारी चूक येते, तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएस हाताने १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा. काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, तर एमटीयू म्हणजे एका पाकिटाची (नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याची) कमाल लांबी तपासा. वापरनाव आणि पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीवर ती १,५०० ऐवजी १,४९२ असते. राउटरमध्ये तेवढी भरा.

सेटिंगमधलं ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी. ते सगळे वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएन पुसतं, म्हणून ऑफिसची माहिती आधी लिहून ठेवा.

तक्रार करताना

दोष कंपनीच्या बाजूला निघाला तर ‘नेट स्लो आहे’ असं सांगून भागत नाही. असं लिहा: वायर लावून घेतलेल्या चाचणीत राउटरला एकही हाक चुकली नाही, त्याच वेळी ८.८.८.८ च्या ४ टक्के हाका हरवल्या, या या तारखेला या या वेळी, ऑप्टिकल पॉवर उणे २६. सोबत दोन्ही खिडक्यांचा एकत्र फोटो जोडा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. तंत्रज्ञ आला की पॉवर मीटरने मोजायला सांगा, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून घ्या, आणि तो निघायच्या आधी त्याच्यासमोरच दोन्ही खिडक्या पंधरा मिनिटं चालवा.